नैरोबीचा गेंडा: दिसलेला आणि न दिसलेला

हीथ्रोच्या सिक्युरिटीपलीकडे ट्रेमधून स्वतःचा पट्टा उचलताना ह्यांनी दुसऱ्याच माणसाचा पट्टा उचलला. मी तो झटकन काढून त्या माणसाच्या हातात दिला.

"अहो, तो आपला नाही."

"माहितीये मला," हे म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं. पण विमान गाठायचं होतं.

आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंगचे. हे निवृत्त रेडिओलॉजिस्ट. हॉस्पिटलच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या एक्स-रेमधल्या तांदळाएवढ्या सावल्या शोधण्यात ह्यांचं आयुष्य गेलं, आणि आता ह्यांच्याच नजरेच्या मधोमध धुरकट डाग आलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होत चाललंय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे बघायचं असेल ते लांबणीवर टाकू नका. मला वाटलं, हे पुण्याला जाऊ म्हणतील. हे म्हणाले, "मोकळ्यावरचा गेंडा बघायचाय." सिंह का नाही, असं विचारलं तर म्हणे, "त्याला बघायला सगळेच जातात."

म्हणून नैरोबी. आफ्रिका म्हणजे ऊन, या हिशेबाने मी सगळे स्वेटर घरी ठेवले होते. नैरोबी चांगलीच उंचावर आहे हे मला विमानतळाबाहेर हुडहुडी भरल्यावर कळलं. आम्हाला घ्यायला आलेला जोसेफ हा आमचा ड्रायव्हर आणि वाटाड्या, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. दुसऱ्या सकाळी त्याने बायकोची लाल शुका (अंगावर घ्यायचं चौकटीचं वस्त्र) आणून माझ्या खांद्यावर टाकली. परक्या गावात कोणी असं पांघरूण घातलं की जीव भरून येतो. माझा आला.

त्याच दिवशी न्गाँगच्या टेकड्या चढलो. माथ्यावर पवनचक्क्या, एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला दरी सरळ खाली कोसळलेली. आम्ही दर वीस पावलांनी बसत होतो आणि सराव करणारे धावपटू आमच्या बाजूने चढावर पळत होते, तेही आपापसात गप्पा मारत. ट्रॅकसूट घातलेली माझ्याच वयाची एक बाई पळता पळता थांबली, माझा हात धरून तिने मला एका खडकावरून वर घेतलं, "पोले पोले" (हळूहळू) म्हणाली आणि परत पळायला लागली. मी मात्र बसल्या जागेवरून ह्यांना सगळं दाखवत होते. उजवीकडे दरी बघा, खाली गुरं बघा, तो ढग बघा. हे प्रत्येक गोष्टीला "हो, दिसलं" म्हणत होते आणि मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटत होतं.

खाली उतरून एका टपरीवर न्यामा चोमा (निखाऱ्यावर भाजलेलं मटण) खाल्लं. सोबत उगाली होती, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, फक्त फोडणी न घातलेली. शेवटी चहा आणि चक्क चपाती आली. ह्यांनी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय उद्यानात गेलो. ते शहराला इतकं खेटून आहे की जिराफाच्या मागे उंच इमारती दिसतात. उघड्या टपाच्या जीपमध्ये मी दुर्बीण घेऊन उभी. दोन तास झाले, गेंडा नाही. आणि मग दूर गवतात मला करडी पाठ दिसली.

"अहो, गेंडा! ते बघा, झुडपाच्या डावीकडे. दिसला?"

"हो हो, दिसला. काय मोठा आहे गं! शिंगसुद्धा दिसलं."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जोसेफने गाडी हळूहळू पुढे घेतली, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ममा, तो खडक आहे."

आधी मी हसले. मग हसता हसता थांबले. खडकाला शिंग कुठून आलं?

"अहो, हे कधीपासून चाललंय?"

हे खडकाकडेच तोंड करून म्हणाले, "झाले काही महिने."

"नातीने काढलेला मोर? माझी जांभळी साडी? काल ती दरी?"

"अगं, तू इतकी मनापासून दाखवतेस. नाही म्हटलं की तुझा आवाज पडतो. तो मला ऐकवत नाही."

मला रडू यावं की राग, कळेना. इतके महिने मी बोट दाखवत होते आणि हा माणूस माझी समजूत घालत होता.

आमचं मराठी जोसेफला कळत नव्हतं, पण काय झालं ते बहुतेक कळलं. त्याने इंजिन बंद केलं.

"म्झे (वडीलधारे), तुम्हाला कुठून दिसतं?"

"कडेने. समोरचं नाही."

"मग थांबू या. आणि ममा, तुम्ही जरा बोलू नका."

लग्नानंतर मला असं सांगायची हिंमत जोसेफनेच पहिल्यांदा केली असेल. मी शुका तोंडाशी धरून बसले. तासभर नुसता गवताचा आवाज. मग रस्त्याच्या पलीकडच्या झुडपांतून तो खरा किफारू (गेंडा) बाहेर आला, चिखलाने माखलेला, आपल्याच तंद्रीत. 'अहो' अगदी ओठांवर आलं, ते मी गिळलं.

"म्झे, गेंड्याकडे बघू नका," जोसेफ कुजबुजला. "उजवीकडचं बाभळीचं झाड आहे ना, त्याच्या शेंड्याकडे बघा."

ह्यांनी मान वळवली. जग गेंड्याकडे बघत होतं आणि माझा नवरा झाडाकडे.

"चालतोय," हे हळूच म्हणाले. "थांबला. पाठीवरून काहीतरी उडालं... परत बसलं."

मी दुर्बीण लावली. गेंड्याच्या पाठीवर लाल चोचीचा एक पक्षी गोचिड टिपत बसला होता. मी डोळे फाडून बघत होते, तरी मला तो दिसला नव्हता.

"आणि शिंग?" मला राहवलं नाही.

"नाही दिसलं," हे म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

निघताना मी जोसेफला शुका परत द्यायला लागले, तर त्याने घेतली नाही. बायकोने तसंच सांगितलंय म्हणाला. मी मनापासून त्याचे आभार मानले, पण नेमके कशाकशाचे, ते मला नीट सांगता आलं नाही. आम्ही गेंडा बघायला गेलो होतो. तो दिसला, आणि शिवाय मला ह्यांच्याकडून खरं उत्तर मिळायला लागलं.

काल रीडिंगला मागच्या बागेत चहा घेत होतो. डोक्यावर लाल घार घिरट्या घालत होती. माझं बोट सवयीने वर गेलं.

"अहो, घार! दिसली?"

"नाही. तू गप्प बस जरा."

मी गप्प बसले. ह्यांनी कप खाली ठेवला आणि शेजाऱ्यांच्या धुराड्याकडे तोंड वळवलं.