कमरेचा दोर

दोर बांधायला माझ्या बापाला बोलावलं. मला शिवायला नको म्हणून.

मी नऊ-दहा वर्षांची, अंगानं काटकुळी. मुखेडकडच्या आमच्या गावात पुन्हा पाऊस पडला नव्हता. जमीनदार अप्पांच्या विहिरीत तळाला थोडं पाणी उरलं होतं. बादली बुडत नव्हती. आत उतरून वाटीनं घागर भरायची. त्यांच्या पोरी कोण उतरवणार?

एरवी आमच्या वस्तीच्या बायका विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी. पण आता माझे पाय त्यांच्या पाण्यात बुडलेले चालत होते. अप्पा म्हणाले, "खाली हाय तवर ते जमिनीचं पाणी. वर आलं की आमचं."

मी घागर भरली. अप्पांच्या गड्यांनी करकरत्या रहाटावरून आधी घागर ओढली, मग मला. खाली भीतीनं पाणी प्यायचं सुचलंच नव्हतं. वर उन्हात आले तर घसा चिकटलेला. समोर तीच घागर. मी ओंजळ बुडवली आणि प्याले.

"बाटवलं की गं, अवदसे!" मालकीण किंचाळली. तिनं भरली घागर पायानं लोटली. असल्या दुष्काळात पाणी मातीत गेलं.

"सोडा तिला परत खाली," अप्पा म्हणाले. "सांडलेलं तिनंच भरायचं."

पाय तळाला लागले आणि दोर सैल झाला. वरचं टोक सुटून माझ्या डोक्यावर पडलं. वर कुणी तरी हसलं. "बस आता पीत!"

मग आवाज बंद झाले. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. खाली अंधार झाला. "बा, बा," मी ओरडत होते. बा वरच होता. मला माहीत होतं. तो बोलला नाही.

दिवस मावळताना दुसरा दोर टाकून मला काढलं. गाठ बापानंच सोडली. घरी त्यावर कुणी शब्द काढला नाही.

त्यानंतर माझं बोलणं कमी झालं. शाळेत उत्तर येत असायचं, तोंड उघडायचं नाही. चौथीत शाळा सुटली.

लग्न होऊन अहमदपूरकडं आले. रहाट करकरला की अंग गार पडायचं. छाती आवळायची. एकदा विहिरीवर सगळ्यांसमोर लुगडं ओलं झालं. "हिला कशाला पाणी पायजे? ही घरूनच भरून आणती!" बायका हसल्या. मी महिनाभर मान वर केली नाही. सासू म्हणाली, लागीर हाय. मग लिंबू, धूर, केस धरून मार.

गावात येणाऱ्या नर्सबाईंनी सासूला थांबवलं. "मामी, ही भीती हाय, भूत न्हाई. लातूर आता जिल्हा झालाय. मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाई आल्यात. न्या हिला."

मला वाटलं, वेड्यांत कोंडतील. मी नवऱ्याचा सदरा सोडत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी काही टोचलं नाही. त्या विचारायच्या आणि थांबायच्या. मी दोरापर्यंत यायचे आणि अडायचे. श्वास कोंडला की त्या म्हणायच्या, "पाय कुठं आहेत?" मी म्हणायचे, फरशीवर. "म्हणजे तुम्ही इथं आहात. विहिरीत नाही." पुढं कधी तरी त्यांनी टेबलावर सुंभाच्या दोराचा तुकडा ठेवला. मी दारापर्यंत पळाले. त्यांनी तो उचलला नाही, मलाही ओढून आणलं नाही. कितीतरी फेऱ्यांनंतर तो तुकडा मी हातात धरला. रडले. पण धरला.

एकदा मी म्हणाले, "मी ओंजळ बुडवली, माझी चूक झाली."

"तहान लागली ही चूक?" त्या म्हणाल्या. "दोर कुणी सोडला?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

परत दुष्काळ पडला. सासरच्या गावातल्या विहिरीतही तळच राहिला. पाटलाची सून माझ्यापुढं दोर टाकून म्हणाली, "तुझी पोर हलकी हाय. बांध कमरेला, उतरव."

माझी पोर माझ्या पदराआड शिरली. करकर ऐकू येऊ लागली, रहाट तर थांबलेला होता. पाय कुठं आहेत? जमिनीवर. मी दोर उचलला.

"न्हाई," मी म्हणाले. आवाज फाटला. "तुमची पोर उतरवा. दोर मी धरते. मी सोडणार न्हाई."

"जीभ फुटली का गं तुला? मग पाणी कुठलं पिशील?"

त्या दिवशी आमच्या वस्तीला तिथं थेंब मिळाला नाही. काही बायकांनी मला शिव्या दिल्या. आम्ही नदीच्या वाळूत खड्डा खणला आणि पाणी झिरपायची वाट बघत बसलो. मी कापत होते.

अजूनही कापते. लातूरच्या फेऱ्या चालू आहेत. भीती कमी होते, जात नाही. नाही गेली तरी चालेल. बापाला बोलावलं तसं मलाही बोलावतील, पुन्हा पुन्हा बोलावतील. माझ्या हातानं माझ्या पोरीच्या कमरेला गाठ बसणार नाही. आणि दुसऱ्या कुणी बांधली, तर पोर विहिरीच्या काठावर पोचायच्या आत मी तो दोर कापीन.