सवतीचा नमुना

बायनाबाईनं आपली सवत आपणच जाऊन पसंत केली. पोखर्णीला, नरसिंहाच्या देवळामागच्या घरात. पोरीला चालून दाखव म्हणली नाही की शिवण-टिपण विचारलं नाही. ‘भाकर थाप,’ एवढंच म्हणली. भाकर तव्यावर टम्म फुगली तशी ही पदर झटकून उठली आणि पोरीच्या बापाला म्हणली, ‘चालंल.’

लग्नाला लय वर्षं झाली तरी बायनाबाईला लेकरू नव्हतं. आमच्या चुडाव्याच्या बाजूला त्या काळात अशा घरात दुसरी बायको यायचीच. सरकारनं बंदी घातली ती पुढं. कुणीतरी येणारच आहे तर ती आपल्या पारखीची असावी, हा बायनाबाईचा सरळ विचार. नवरा व्यंकटी ह्या सगळ्यात कुठं होता? बैलं धुवायला गेला होता. घरात दोन माणसं मोठ्यानं बोलायला लागली की व्यंकटीला बैलं मळलेली दिसायची.

अशी दैवशाला घरात आली. बारीक चणीची, कमी बोलणारी, पण बोलली तर टोचणारी. गल्लीतल्या बाया ताकाच्या निमित्तानं भांडण बघायला येऊन बसायच्या. त्यांना कुणी रिकाम्या हातानं धाडलं नाही. मिठावरून, सरपणावरून, म्हैस कुणाच्या हाताला जास्त दूध देती ह्यावरून दोघी रोज कडाकडा भांडायच्या. मग भांडणाऱ्या दोघी एकाच परातीत कालवण ओतून जेवायला बसायच्या, आणि बाया ताक घेऊन हिरमुसल्या घरी जायच्या.

रझाकारांची धामधूम मिटून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात दैवशाला पाणी प्यायला लागली. तांब्या पुरेना, घागरीलाच तोंड लावायची. खायची दोघींचं आणि वाळायची खराट्यासारखी. चोळी अंगावर लोंबायला लागली. सारखी परसात जायची, आणि जिथं बसायची तिथं मुंगळ्यांची रांग लागायची. बायनाबाईला आधी वाटलं, पोरीला दिवस गेले. तिनं हरखून गाभुळलेल्या चिंचा आणून उतरंडीत ठेवल्या. चिंचा तशाच राहिल्या. एक दिवस दैवशाला आडावर पोहरा ओढता ओढता खाली बसली ती उठलीच नाही.

व्यंकटी लांबूनच म्हणला, ‘माहेरी धाडावं का हिला?’

‘भाकरी थापायला हितं आन् मरायला माहेरी?’ बायनाबाई म्हणली. ‘गाडी जुपा. टेसनावर सोडा आमाला.’

परभणीच्या दवाखान्यात तेव्हा राधाकिशन नावाचे डॉक्टर होते. हैदराबादेत शिकून आलेले, अर्धं मराठी आणि अर्धं तिकडचं बोलायचे. त्यांनी दैवशालेला आठवडाभर ठेवून घेतलं, शुद्धीवर आणलं, मग बायनाबाईला समोर बसवून म्हणले, ‘बाई, हिच्या अंगात साखर झालीय. शक्कर की बीमारी.’

‘साखर?’ बायनाबाई म्हणली. ‘आमच्यात गुळाचा च्या असतो, सायब. साखर पाव्हण्यापुरती.’

‘खाल्लेली साखर नव्हे. भाकरीची बी साखरच होते, ती हिच्या अंगाला लागत नाही, पेशाबातून निघून जाते.’

‘मिटंल का?’

‘मिटणार नाही. रोज सुई टोचली तर जगेल. नाही टोचली, तर नाही.’

बाजारातून आणायचं म्हणलं तर ते औषध आमच्या भागात कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. पण हैदराबादेत ह्या बिमारीचा अभ्यास करणारा एक फंड होता. दिवसभर उन्हात राबून ज्वारीची भाकर खाणाऱ्या माणसाला साखर कशी होती, हे त्या लोकांना धुंडायचं होतं. म्हणून ते जिल्ह्यातल्या मोजक्या रोग्यांना सुई-औषध फुकट द्यायचे. बदल्यात रोग्यांनी महिन्याला दवाखान्यात सभेला यायचं, काय खाल्लं, किती पाणी प्यालं, कसं वाटतं ते सांगायचं. राधाकिशन डॉक्टरांनी खटपट करून दैवशालेला त्यात बसवलं. म्हणजे गोष्ट उघड होती. फंड औषध देईल तोवर दैवशाला.

सुई टोचायला बायनाबाई वांग्यावर शिकली. मळ्यातलं एक वांगं तिनं धड ठेवलं नाही. पिचकारी काचेची, ती रोज उकळायची, औषधाची शिशी रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची, आणि सकाळी दैवशालेचा दंड धरून चिमटीत कातडं उचलून टोचायची. शेजारची दगडाबाई दारातून बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

‘काय गं बायने, लेकरासाठी आणली आन् आता हीच लेकरू होऊन बसली का?’

‘व्हय की,’ बायनाबाई म्हणली. ‘दात आलेलं लेकरू हाय. चावतंय बी.’

आतून दैवशाला म्हणली, ‘दगडाबाईला चावणार न्हाई म्हणावं. कडू लागंल.’

सभा दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर व्हायची. साखरेचे सगळे तिथं जमायचे. चारठाण्याची कस्तुराबाई, मोठ्या घरची, हातात चांदीची सुपारीची डबी, तिच्याशेजारी पहिल्याच सभेला ह्या दोघी जाऊन बसल्या.

‘लेक का तुमची?’ कस्तुराबाईनं विचारलं.

‘सवत.’

‘अगं बया! आन् सुई कोण टोचतंय हिला?’

‘मीच.’

कस्तुराबाईनं डबी उचलली आणि वीतभर पलीकडं सरकली.

पावसाळा गेला, दैवशालेच्या अंगावर थोडं मांस आलं. मग एका सभेत डॉक्टर म्हणले, ‘पुढच्या टायमाला फंडाचे मोठे साहेब हैदराबादेहून येणार हायत. प्रत्येकानं सकाळच्या पेशाबाचा नमुना शिशीत घेऊन यायचा. नमुना बघून साहेब ठरवतील, औषध कुणाला चालू ठेवायचं.’

आता नमुना ह्या शब्दाचं बायनाबाईला कुणी काय सांगावं? व्यंकटीला भाव करता येत नव्हता, म्हणून पूर्णेच्या आडतीवर ज्वारी, मूग, कापूस घेऊन तीच जायची. अडत्या आधी नमुना मागतो. मग आपण पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मिळंल ते काढून देतो का? टपोरे, पिवळेधमक दाणे निवडून पदराच्या गाठीत बांधून न्यायचे. कापूस न्यायचा तर वेचणीतला पांढराशुभ्र, किडकी कवडी नसलेला. नमुना म्हणजे घराची इज्जत. तो पडका निघाला की अडत्या पुढच्या गाडीकडं वळतो.

आणि दैवशालेचा नमुना कसला, तर मुंगळे लागणारा.

सभेच्या दिवशी सकाळी दैवशालेनं शिशी भरून दिली. बायनाबाईनं ती कुंपणापलीकडं ओतली, राखेनं घासून लख्ख धुतली आणि स्वतः भरली. उजेडात धरून बघितली. मग बूच लावून, फडक्यात गुंडाळून पदराखाली घेतली आणि गाडीत बसली. परभणीपर्यंत तिनं ती शिशी अशी धरली, जशी काही पाव्हण्यांना दाखवायला पोरगीच घेऊन चालली होती. त्या दिवशी व्यंकटी बी संग होता. मोठे साहेब येणार, घरचा माणूस पाहिजे, म्हणून डॉक्टरांनी बोलावलं होतं.

व्हरांड्यात टेबल मांडलेलं. साहेब जाड भिंगाचे, उंच टोपीचे. डॉक्टर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचे, त्यात नमुन्याचे थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरायचे. कस्तुराबाईची नळी उकळली आणि निळ्याची हळदीसारखी पिवळी झाली. दुसऱ्या एकाची गढूळ हिरवी. बायनाबाईला वाटलं, गेली बिचाऱ्यांची इज्जत. मग दैवशालेचं नाव पुकारलं. नळी उकळली, फसफसली, पण निळी ती निळीच. जवसाच्या फुलागत. बायनाबाईनं दैवशालेला कोपर मारलं, ‘बघ.’

साहेबांनी नळी उजेडात फिरवली. ‘इसमें तो शक्कर है ही नहीं,’ ते म्हणले. ‘दवा बंद करो इसकी. किसी जरूरतमंद को दो.’

राधाकिशन डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. पण नळी समोर होती. ते बायनाबाईकडं वळून म्हणले, ‘साहेब म्हणतात, हिला औषधाची गरज नाही. आजपासून बंद.’

‘बंद?’ बायनाबाई म्हणली. ‘नमुना तर चांगला निघाला की, सायब!’

‘चांगला निघाला म्हणूनच बंद.’

बायनाबाई उभी राहिली. टेबलावरल्या पिवळ्या नळीकडं बघितलं, हिरव्या नळीकडं बघितलं. तिचा रंग उतरला. मग आमच्या गावाला सवय असलेल्या त्या आवाजात, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं ती म्हणली, ‘ते मपलं हाय, सायब.’

‘काय तुमचं?’

‘मुत.’

सगळा व्हरांडा फुटला. बाप्ये मांड्या थापटायला लागले. नर्सबाईनं तोंडाला पदर लावला. हसली नाही ती एकटी कस्तुराबाई.

‘हासायचं काय त्यात?’ ती म्हणली. ‘सवतीनं डाव साधला. औषध बंद पाडायला आली ही.’

हसणं जागच्या जागी मेलं. साहेबांना सवत हा शब्द डॉक्टरांनी समजावून सांगितला, आणि रोज सुई टोचणारी बी हीच, हे बी सांगावं लागलं. साहेबांनी भिंगावरून बायनाबाईकडं लांबलचक बघितलं. ‘दवा जारी रखनी है तो सुई इनके हाथ में नहीं रहेगी,’ ते म्हणले. ‘शौहर को सिखाओ.’

डॉक्टरांनी पिचकारी व्यंकटीपुढं धरली. व्यंकटीनं सुईकडं बघितलं, मग फाटकाकडं बघितलं. तिथं बैलं नव्हती. तेव्हा तो दोन्ही हात बगलेत घालून सतरंजीवर बसला.

बायनाबाईला बोलायचं होतं. ‘सायब, आडतीवर आमी...’ एवढं म्हणली, आणि पुढचा शब्द सापडेना. भरल्या बाजारात चार अडत्यांना गप करणारी बाई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

तेव्हा दैवशाला उठली.

‘आडतीवर आमची ज्वारी कोण न्हेतंय? हीच न्हेती,’ ती डॉक्टरांना म्हणली. ‘नमुना म्हणलं की हिला बाजारच दिसतोय. चांगलं दाखवलं की गिऱ्हाईक घेतंय, असं वाटलं हिला. ह्यात दुसरं काई न्हाई.’ मग ती कस्तुराबाईकडं वळली. ‘आन् बाई, मला मारायचंच असतं तर येवढ्या लांब तिकीट काढून काऊन आणलं असतं? घरीच दोन रोज सुई खाली ठेवली असती. बैलं धुणाऱ्याला पत्ता बी लागला नसता.’

कस्तुराबाई डबीत सुपारी शोधायला लागली.

‘टोचंल तर हीच टोचंल,’ दैवशाला म्हणली. ‘न्हाईतर ऱ्हावू द्या तुमचं औषध. आन् नमुनाच पायजे ना? शिशी द्या.’

शिशी घेऊन ती दवाखान्यामागं गेली, आली आणि टेबलावर आपटून ठेवली. डॉक्टरांनी थेंब टाकले, नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, पिवळं नारिंगी झालं, आणि शेवटी आव्यातून काढलेल्या विटेसारखं लालभडक होऊन बसलं.

‘हां!’ साहेब खुर्चीत पुढं सरकले. ‘ये हुई ना बात.’

‘येवढा नासका माल,’ बायनाबाई पदराआडून म्हणली, ‘आन् सायब खूश!’

ह्या वेळी कस्तुराबाईला बी हसू आवरलं नाही. राधाकिशन डॉक्टरांनी साहेबांशी त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलून सुईची जबाबदारी आपल्या अंगावर घेतली, आणि औषधाच्या शिश्या बायनाबाईच्याच ओंजळीत ठेवल्या.

पुढं ती सभा लय वर्षं चालली. नवा रोगी आला की डॉक्टर त्याला बायनाबाईशेजारी बसवायचे, आणि ती आधी तेच सांगायची, ‘निवडून-पाखडून आणू नगा बरं. खराब तर खराब.’ कस्तुराबाई तिच्यासाठी डबीतली सुपारी काढून ठेवायची. लेकरू त्या घरात झालं नाही ते नाहीच. भांडणं मात्र अखेरपर्यंत झाली, आणि दगडाबाईचं ताक बी चालू राहिलं.

पण त्या नमुन्याच्या सभेनंतरचा दुसरा दिवस सोपा गेला नाही. सकाळी बायनाबाईनं पिचकारी उकळली, औषध भरलं, दैवशालेचा दंड धरला. आणि हात पुढं जाईना. वांग्यावर शिकताना कधी अडला नव्हता असा. कस्तुराबाईचं कालचं ‘डाव साधला’ हातात शिरून बसलं होतं. तिनं सुई जवळ नेली, मागं घेतली. परत नेली, परत मागं घेतली. व्यंकटी दावणीजवळून उठला आणि गुमान आडाकडं निघाला.

दैवशालेनं तोंड फिरवलं नाही. दंड तसाच पुढं धरला.

‘टोच की गं अक्का. भाकरी ऱ्हायल्यात.’

‘लागंल.’

‘कवा लागत न्हाई?’

बायनाबाईनं चिमटीत कातडं उचललं आणि टोचलं. सुई काढून त्या जागेवर अंगठा दाबून धरला, रोजच्यापेक्षा जरा जास्तच येळ.

‘लागलं का?’

‘लागलं,’ दैवशाला म्हणली. ‘सोड आता दंड. तवा तापायलाय.’