सतरा नंबरची जागा

ती मुलगी क्लब सोडून का गेली हे आपल्याला माहीत आहे, असं क्लबात सगळ्यांना वाटतं. अभ्यास. इंडियन मुलगी, आठवीतली, परीक्षा आली, आईबापांनी खेळ बंद केला. हे कारण क्लबाला मी पुरवलं. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला बोलतानाच ठाऊक होतं. वर्षभर मी हे बायकोलाही सांगितलं नाही. माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक सरळ समजतात, याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

क्लब ट्रुगानिना या उपनगराच्या बाजूला, आमच्या इस्टेटपासून, म्हणजे वसाहतीपासून, गाडीने सात मिनिटांवर. खेळ फुटी, म्हणजे इथला फुटबॉल. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, लाथेनेही मारायचा, हातानेही खेळायचा, आणि धक्के तर खायचेच. आम्ही क्रिकेटवर वाढलेली माणसं; माझी मुलगी चौदा वर्षांखालच्या टीममध्ये गेली तेव्हा मला नियमही येत नव्हते. पण इथे असे क्लब पालकांच्या जिवावर चालतात. कुणी संत्री कापतं, कुणी गोलमागे पांढरा कोट घालून पंचाचे झेंडे हलवतं. मला एक्सेल येतं हे कळल्यावर त्यांनी मला टीम मॅनेजर केलं. शब्द भारी आहे. काम म्हणजे जर्सी वाटणं, जमा करणं आणि रविवारच्या मॅचला कोण येणार नाही याची यादी ठेवणं.

माझ्या मित्राला क्लबात मीच आणलं. तो डोंबिवलीचा, मी पुण्याचा. आमच्यापासून चार घरं सोडून राहतो. त्याच्या मुलीचे पहिले बूट घ्यायला दुकानात मी गेलो होतो. तिला सतरा नंबर मिळाला, माझ्या मुलीला चोवीस. मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिसला दोघी एकाच गाडीतून जायच्या, एकदा त्याच्या, एकदा माझ्या. तीन महिन्यांत सतरा नंबर चोवीसच्या पुढे गेली. चेंडू कुठे पडणार हे त्या पोरीला तो पडायच्या आधी कळायचं. माझी मुलगी तेच दोन वर्षं शिकत होती.

गेल्या वर्षी मुली इतक्या वाढल्या की दोन टीम करायचं ठरलं. मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी क्लबरूममध्ये आम्ही तिघं बसलो. कोच प्लंबर होता, मोठ्या आवाजाचा. त्याची असिस्टंट नर्स होती, स्वतः फुटी खेळलेली, एका गुडघ्याने अजून लंगडणारी. आणि मी. समोर पांढरा बोर्ड, त्यावर प्रत्येक मुलीच्या नंबरचं एकेक मॅग्नेट.

"दोन्ही टीम सारख्या करा," असिस्टंट म्हणाली. "तेरा-चौदा वर्षांच्या आहेत. आत्ताच वरची-खालची केलीत तर खालच्या मुली पुढच्या वर्षी येणारच नाहीत."

"सारख्या केल्या तर दोन्ही टीम हरतील आणि चांगल्या मुली दुसऱ्या क्लबात जातील," कोच म्हणाला. "मग डेव्हलप कुणाला करणार तू? गोलपोस्टला?"

"तुला कप पाहिजे, एवढंच सांग."

"हो, पाहिजे. कपाटात जागा आहे."

"कपाटात उंदीर आहेत. आधी ते बघ."

कोचने माझ्याकडे पाहिलं. मी कोचच्या बाजूने मान हलवली. वरची एक आणि खालची एक, असं दोन विरुद्ध एक ठरलं. मान हलवताना मला मनातल्या मनात माझ्या मुलीचं मॅग्नेट वरच्या रांगेत दिसत होतं, हेही लिहून टाकतो.

आमचा एक नियम होता: आपल्या मुलीचा विषय निघाला की पालकाने बाहेर जायचं. वरच्या टीममध्ये शेवटची एक जागा उरली आणि सतरा की चोवीस असा प्रश्न आला, तेव्हा मी न सांगता उठलो आणि कँटीनच्या बंद शटरपाशी जाऊन उभा राहिलो. मला स्वतःचा अभिमानही वाटला. आतून असिस्टंटचा चढलेला आवाज येत होता. दहा मिनिटांनी त्यांनी आत बोलावलं. दोन्ही मॅग्नेट अजून दोन टीममधल्या रेषेवरच होती.

"सतरा दोन वर्षांत कुठल्या कुठे जाईल," असिस्टंट म्हणत होती. "चोवीस चांगली आहे, पण ती जिथे पोचायची तिथे पोचली आहे. सॉरी, पण आहे ते आहे."

"सतरा दर रविवारी येणार का, हा माझा प्रश्न आहे," कोच म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "तुझ्या मुलीचं नाही विचारत, मेट. पण त्या घराला तू ओळखतोस. काय वाटतं तुला?"

मी म्हटलं, "जूनमध्ये तिची सिलेक्टिव्ह स्कूलची प्रवेशपरीक्षा आहे. रविवारी क्लास असतो. आमच्या लोकांत परीक्षा आली की बाकी सगळं बंद होतं."

"मुलीला कुणी विचारलंय?" असिस्टंटने विचारलं.

"हा त्यांच्यातलाच आहे. याला माहीत असणार," कोच म्हणाला, आणि त्याने सतराचं मॅग्नेट खाली सरकवलं.

क्लास रविवारचा होता, हे खरं होतं, पण महिन्यापूर्वीपर्यंत. फुटीसाठी माझ्या मित्राने बायकोशी आठ दिवस भांडून बॅच बुधवारची करून घेतली होती. हे त्याने मला गाडीत हसत हसत सांगितलं होतं. आणि मला ते त्याने सांगायचीही गरज नव्हती. त्याच बुधवारच्या बॅचला माझी मुलगी जाते. तीच परीक्षा तिचीही होती. टेबलावर हे कुणी विचारलं नाही, कारण चोवीसबद्दल मला विचारायचं नाही असा नियम होता, आणि नियम मी पाळला होता.

का केलं? मुलीसाठी केलं म्हणायला बरं वाटेल, पण तिला खालच्या टीमचं फारसं दुःख झालं नसतं. मला झालं असतं. मित्र माझ्या चार वर्षं मागून या देशात आला, सगळं मला विचारून करत गेला, आणि त्याची पोरगी माझ्या पोरीच्या डोक्यावरून चेंडू झेलत होती. आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला जड जाते. त्या टेबलावर मला कुणीतरी विचारत होतं. जर्सी किती आल्या, हे नाही. काय वाटतं, हे विचारत होतं. आपल्या लोकांबद्दलचा जाणकार म्हणून विचारत होतं. ते मला फार आवडलं.

रविवारी याद्या क्लबच्या ॲपवर आल्या. मंगळवारी प्रॅक्टिसला मी पार्किंगमध्ये डिकीतून चेंडूंची पिशवी काढत होतो, तेवढ्यात मित्र येऊन उभा राहिला.

"काय मॅनेजरसाहेब, आमच्या रविवारची फार काळजी तुम्हाला."

"कसली रे?"

"कोच म्हणाला, रविवारच्या क्लासचं कळलं, परीक्षेला ऑल द बेस्ट सांग तिला. म्हटलं, तुला कसं कळलं? तर म्हणे ऐकलं कुठेतरी. आमच्या घरातलं ऐकायला या मैदानावर मराठी किती जणांना येतं?"

"शाळेतून कळलं असेल."

"शाळेतून? आणि रविवारचा क्लासही शाळेनेच सांगितला? जो क्लास आता रविवारी नाहीच? गाडीत सांगितलं तेव्हा हसला होतास तू."

"अरे, मी तसं काही..."

"तुझ्या मुलीला नाही का परीक्षा? की ती डायरेक्ट डॉक्टर?"

"हे बघ, सिलेक्शनची एक प्रोसेस असते."

"प्रोसेस!" तो एवढ्या जोरात हसला की बाजूच्या गाडीतल्या बाईने वळून पाहिलं. "चल, आत्ता चल कोचकडे. माझ्यासमोर सांग, ही दर रविवारी येणार. जागा नको, टीम नको. एवढं एक वाक्य बोल."

"आत्ता तो वॉर्म-अप घेतोय," मी म्हटलं.

तो म्हणाला, "तो प्लंबर बरा तुझ्यापेक्षा. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणतो." आणि मुलीची बॅग उचलून निघून गेला. त्या दिवसापासून दोन घरांच्या दोन गाड्या सुटायला लागल्या. बायकोने विचारलं तेव्हा मी सांगितलं, मुलगी खालच्या टीममध्ये गेली म्हणून तो चिडलाय. म्हणजे तेही त्याच्यावरच ढकललं.

खालच्या टीमला बहुतेक रविवारी मुली कमी पडायच्या. मग बारा वर्षांखालच्या एकदोघी उसन्या घ्यायच्या. आमची मॅच संपली की त्यांची सुरू व्हायची, आणि मी जर्सी मोजायच्या निमित्ताने थांबून बघायचो. सतरा नंबर चेंडू बरोबर हेरायची, उचलायची, आणि जिथे आपली मुलगी असायला हवी तिथे नेमका मारायची. तिथे कुणी नसायचं. दर रविवारी त्या सपाटून हरत होत्या. मेमध्ये ती यायची थांबली. जूनमध्ये परीक्षा होतीच. माझं खोटं सगळ्यांच्या देखत खरं ठरलं, आणि कोच मला म्हणाला, "तू सांगितलं होतंस, मेट."

जर्सी परत द्यायला ती एका शनिवारी दुपारी एकटीच आमच्या घरी आली. दार मी उघडलं.

"अंकल, मॉमने धुतली आहे," ती म्हणाली. घडी इतकी नीट होती की नंबर बरोबर वर आला होता. मी थँक यू म्हटलं. ती गेली नाही. इंग्रजीत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मला रविवारी ट्यूशन असते असं तुम्ही त्यांना सांगितलं का?"

"नो," मी म्हटलं.

"ओके," म्हणून ती वळली. मागे जिन्यावर माझी मुलगी उभी होती. "बट ट्यूशन इज ऑन वेन्सडे," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर. तिने पुढे विचारलं नाही. सीझनभर ती मॅचला जाताना गाडीत कानात इअरफोन घालून मागच्या सीटवर बसायची. पुढची सीट रिकामी असायची.

तेव्हा तोंड उघडलं नाही, मग आत्ता का? मला काही एकदम चांगुलपणा सुचला नाही. या वर्षी असिस्टंट मुख्य कोच झाली, जुना कोच सगळ्या मुलींच्या टीमचा प्रमुख झाला, आणि मी होतो तिथेच होतो. पुन्हा शनिवार, पुन्हा बोर्ड. निवडीच्या ट्रायल्स पुढच्या गुरुवारी होत्या, त्याआधी नुसती चाचपणी चालली होती. एका नव्या मुलीचं नाव निघालं. तेलुगू घरातली, पायांत वारा भरलेली. जुना कोच म्हणाला, "हिला वर घेताना विचार करा. ही माणसं परीक्षेच्या वेळी गायब होतात. गेल्या वर्षी बघितलं ना," आणि माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या, जसं आपल्या माणसाकडे बघून उडवतात.

माझं एका सकाळचं खोटं क्लबाचा नियम झालं होतं. यापुढे आडनाव बघून मुली खाली सरकणार होत्या, आणि दरवेळी साक्षीला मी असणार होतो.

मी सांगितलं. बुधवार, गाडीतलं बोलणं, माझ्या मुलीची तीच परीक्षा, दारातला नो. दोन मिनिटं लागली असतील.

"जीझस," जुना कोच म्हणाला. "आणि हे आत्ता का सांगतोयस? वर्ष झालं."

"कारण तू आत्ता ते दुसऱ्या पोरीवर वापरलंस," नवी कोच त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मी तेव्हाच विचारलं होतं, मुलीला कुणी विचारलंय का. तू तिथे बसला होतास."

"हो."

"ऊठ."

"जर्सीचं कपाट..."

"किल्ली ठेव आणि ऊठ. आणि सतराला ट्रायलला ये म्हणून तू सांगायचं. मी फोन करून तुझं काम सोपं करणार नाही."

तिथून मी सरळ मित्राच्या घरी गेलो. तो दारापुढचं गवत कापत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं, पण हात दांड्यावरच ठेवले. मी सुरुवात केली तेव्हा त्याने मध्येच थांबवलं.

"मला माहितीये. मला नको सांगू. तिला सांग." आणि त्याने मुलीला हाक मारली.

ती अनवाणी बाहेर आली. वर्षात उंच झाली होती. मी इंग्रजीत बोललो, कारण मराठीत माझ्या तोंडून सारवासारव निघाली असती. मी म्हटलं की तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, ट्यूशनचं मीच सांगितलं होतं, तुझी जागा माझ्यामुळे गेली. नवी कोच तुला ट्रायलला बोलावते आहे, गुरुवारी. मी आता टीमचा मॅनेजर नाही.

"आय नो," ती म्हणाली. "मी विचारलं तेव्हाच कळलं होतं. तुम्ही जर्सीकडे बघून बोललात."

मी ट्रायलची वेळ सांगितली.

"गुरुवारी तुम्ही तिथे असणार?"

"नाही."

"मग मी येईन." तिने बापाकडे पाहिलं. "डॅड, मला इट्स ओके म्हणावं लागेल का?"

"नाही," तो म्हणाला. "काही गरज नाही."

ती आत गेली. मी तिथेच उभा होतो. वाटलं, तो आता काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. त्याने वाकून दोरी ओढली, मशीन घरघरलं, आणि आवाजावरून ओरडून तो म्हणाला, "बाजूला हो. मला इथलं कापायचंय."