छापण्यासारखं काही

टेलरबाईंचा मुलगा मोठ्या शहरात एका पेपरात बातमीदार होता, आणि फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय विशेष?" बाई म्हणायच्या, काही नाही. मग तो म्हणायचा, बरं, ठेवतो. आता या प्रश्नाला सगळं जग हेच उत्तर देतं, त्यात बाईंचं काय चुकलं? पण फोन मात्र ठेवला जायचा.

बाईंचं दुकान नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी. चेन बदलणं, पँट आखूड करणं, असली कामं. माप देताना माणसं पोट आत ओढतात आणि तोंड मोकळं सोडतात. एकदा बाईंनी सहज सांगितलं, की शाळेत दोन मुख्याध्यापक एकाच खुर्चीवर हक्क सांगताहेत. मुलाने एकदम कान टवकारले. आधी कोण आलं, पोरं कुणाचं ऐकतात, खोदून खोदून विचारत राहिला. बाईंचा चहा गार झाला तरी फोन चालूच. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, ती बाईंनी धड वाचलीही नाही. त्यांना हवं ते आदल्या दिवशीच मिळालं होतं.

तेव्हापासून त्या गिऱ्हाइकांच्या खनपटीलाच बसल्या. सगळाच माल खपायचा नाही. न्हाव्याच्या घरातलं भांडण सांगितलं तर मुलगा हसला. "आई, रोज होतं ती बातमी नसते. कधी नव्हे ते घडलं की बातमी." मग तुझं घरी येणं पहिल्या पानावर छापायला हवं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं. त्याला लागलं आणि फोन बंद झाले तर?

मग पुलालाच तडा गेला. पोस्टमन धापा टाकत सांगत आला, तशी बाईंनी सुई कापडातच सोडून फोन लावला. "मी स्वतःच येतो," मुलगा म्हणाला. बाईंनी त्याची खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, आणि दोघांचा स्वयंपाक करताना किती दिवसांनी गुणगुणल्या.

तो फोटोवाल्याला घेऊन आला. इंजिनिअरला गाठलं, पूल बंद केल्याने अडकलेल्या लोकांशी बोलला, मग दुकानाच्या दारात उभं राहून आईलाही विचारलं, तडा पहिल्यांदा कुणी पाहिला. तो खाली मान घालून लिहीत होता. कानाशी केस पांढरे झालेत, फार वाळलाय, हे बाईंनी तेवढ्यात पाहून घेतलं. जेवून जा म्हटलं, तर मजकूर लगेच द्यायचाय, गाडी थांबलीय म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. पूल बंद झाल्यावर पोरं शाळेत कुठून जाणार, एवढंच विचारायचं होतं. बाईंनी सांगितलं. आणखी काय चाललंय तिकडे, त्याने विचारलं. बाईंकडे एक ताजी खबर होती, चांगली खपण्यासारखी. ती त्यांनी दिली नाही.

"उद्या इथे काही घडणार नाहीये," त्या म्हणाल्या. "परवाही नाही. मला तुझी फार आठवण येते रे. तू नुसता ये."

परक्या माणसांना बोलतं करणं हे त्याचं रोजचं काम. आत्ता त्याला एकही प्रश्न सुचेना. पण त्याने फोन ठेवला नाही, आणि बाईंनीही ठेवला नाही.