आळीभर फिरलेला केक

माझ्या आईच्या आयुष्यातला पहिला केक अख्खी आळी फिरून आला आणि तरीही कच्चाच राहिला.

आधी एक जाहीर निषेध नोंदवते. आईच्या शाळेतल्या मास्तरांनी सगळ्या वर्गाला एकच जन्मतारीख लावून टाकली होती. (सोय मास्तरांची, वाढदिवस बुडाले पोरांचे!) मामाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "भाताची झोडणी चालू व्हती, तवा झाली ती." बस! आमची झोडणी आटपली आणि मी आईचा वाढदिवस जाहीर केला. आम्हा भावंडांचे केक वाटता वाटता आईच्या वाट्याला आजवर फक्त सुरीला चिकटलेलं क्रीम आलं होतं. आज केक तिचा होता, आणि कापणारही तीच.

केक मात्र घरचा. तांदळाचं पीठ, गूळ, दही, आणि टाकून द्यायच्या बेतातली काळी केळी. विकत आणला तो फक्त सोडा! आणि भाजायचा उन्हावर. "ना गॅस, ना धूर, सूर्य आपला भरपूर!" असं पत्रक मी आळीत वाटलं होतं, संध्याकाळी केक खायला या म्हणून. खोक्याला आतून चकचकीत कागद लावला, बाहेरून काजळी फासलेला डबा त्यात ठेवला आणि वर काच.

"माज्या सत्काराच्या फोटोची काच कुठं गेली?" घरातून बाबा ओरडले.

"चळवळीला दिली!" मी म्हणाले.

अंगणात खोका ठेवला. हळूहळू काचेला आतून वाफ धरली, गुळाचा वास सुटला. थंडीतलं ते ऊन पाठीवर धुतलेल्या गोधडीसारखं पसरलं होतं. कुठेतरी पेंढ्याचा वास, कुठेतरी भोरड्या पाखरांची कलकल. मला वाटलं, काय लागतं माणसाला? ऊन फुकट, वास फुकट, आई घरात. डोळे मिटले, तर केक फुगत फुगत समोरच्या सिद्धगडाएवढा झालेला, आणि आई त्यावर सुरी घेऊन चढतेय...

"गो प्रणू! तुजा केक सावलीत बसलाय!" बाबांनी हाक मारली.

फणसाची सावली खोक्यावर येऊन कधीची आडवी पडली होती. मी आणि बाबांनी खोका उचलला.

"आडवा धरा! कलला तर एकाच बाजूने फुगेल!"

"मग काय, मापं घेऊ का त्याची?" बाबा वैतागले.

शेजारच्या अंगणात टेकवतोय तोच ऊन तिथून सटकलं. त्याच्या पुढच्या अंगणात दोरीवर नऊवारी वाळत होती. तिची सावली नेमकी खोक्यावर. आम्ही पुढे. वाटेत एका आजोबांनी टोपी काढून हातात घेतली.

"कोन आजारी हाय रं?"

"केक!" बाबा म्हणाले.

"देव बरा करील."

मागे माणसं जमू लागली. प्रत्येकाचं मत वेगळं. "उघडून बघ जरा." "उघडायचं नाही! ऊब जाते!" "हलवून तरी बघ." "हलवायचं तर मुळीच नाही!" असं ओरडत आम्ही तो खोका आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला हलवत चाललो होतो.

शेवटी ऊन उरलं एकाच अंगणात. जनाकाकीच्या!

आमच्या बकरीने जनाकाकीची वालाची वेल फस्त केल्यापासून आई आणि काकी बोलत नव्हत्या. गर्दीतून पुढे येऊन आईने माझा हात धरला. "तिच्या दारात नको गो. ऱ्हाऊ दे केक. मला नाय लागत वाढदिवस."

'मला नाय लागत.' हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय आणि त्याच्या विरोधात एकही मोर्चा निघालेला नाही! मी सरळ काकीच्या अंगणात शिरले. भाषण तयारच होतं: सूर्य सर्वांचा आहे, उन्हावर कुणाची मालकी...

"मी इचारलंय का तुला?" काकी म्हणाली. "ऊन काय माज्या बापाचं हाय? ठेव तिकडं, कोंबड्या सांभाळ."

सगळे बसलो. ऊन पातळ होत गेलं, पिवळं, मग केशरी, मग अंगणातून उठून निघूनच गेलं. समोर सिद्धगडाच्या माथ्यावर मात्र अजून लख्ख होतं.

"आता गडावर न्यायचा का?" बाबांनी विचारलं.

मी काच काढली. केक कडेने शिजला होता. मध्ये तळं! आई वाकून बघत राहिली. "वास तर बेस हाय," ती हळूच म्हणाली.

काकीने न विचारता डबा उचलला, बिडाचा तवा चुलीवर चढवला आणि मधलं पातळ पीठ पळीने त्यावर सोडलं. चर्र!

"गूळ कमी टाकलाय," काकी पुटपुटली.

"पोरीने टाकलाय, मी नाय," आई म्हणाली.

"तुजी पोर कमी टाकते, नि बकरी जास्त खाते."

"तुजी वेलच गोड व्हती, ती काय करंल?"

आणि दोघी हसल्या! चुलीच्या धुरात (हो, धुरातच!) गोड घावन उतरत गेले. काकीने शिजलेल्या कडेच्या कड्यात ते एकावर एक रचले. आईने सुरी धरली. पहिला तुकडा तिने काकीला भरवला, दुसरा स्वतः खाल्ला आणि डोळे मिटून चावत राहिली. मी उठले, घसा खाकरला, सूर्याचे, धरतीचे, समस्त आळीचे जाहीर आभार मानायला तोंड उघडलं, तर आईने त्यात घावन कोंबला. "गप गो. निवतंय."

तेव्हापासून आळीत कुणाचाही वाढदिवस असला की पहिलं बोलावणं मला येतं. एवढंच बजावतात: येताना काही करून आणू नकोस!