माशाचा दगडी दात

सांगलीच्या हळद बाजारातला आमचा पहारेकरी एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर आला, तो कच्छच्या रणातून शिकारी माशांचे दगड झालेले दात घेऊनच. दात थुंकीनं पुसून तो कुणालाही दाखवायचा. "लय जुना समिंदर हुता तितं. मासा म्हशीएवढा!"

त्यातला सर्वांत मोठा दात वाघनखासारखा सोन्यात मढवून गळ्यात घालायचा, असं मी ठरवलं. भल्याभल्या अडत्यांना मी वाकवतो. हा महिनाभर वाकेना. "इकायचा न्हाई, शेट."

परवा त्याच्या घरावरून गेलो, तर तो दात काळ्या दोऱ्यात रेडकाच्या गळ्यात! मी शिव्याच घातल्या.

रेडकाच्या कानामागं खाजवत तो म्हणाला, "देखणं हाय, दिष्ट लागती. तुमाला कोन बघतंय?"