चऱ्होलीचे फ्लॅटमालक

चाकणच्या कंपनीबसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. चऱ्होलीत फ्लॅट घेतल्यापासून त्याचं प्रत्येक वाक्य 'ओनर म्हणून सांगतो राव' असं सुरू व्हायचं. हप्ता सोडला तर घराला खर्चच नसतो, हे त्यानं अख्ख्या बसला पटवलं होतं. मग सोसायटी मेंटेनन्सचे आणि पाण्याच्या टँकरचे पैसे मागू लागली. 'बिल्डर बघेल,' म्हणत यानं दमडी दिली नाही. त्याच्यासारखेच बरेच निघाले आणि ऐन उन्हाळ्यात टँकर बंद झाला.

रविवारी तो बायकोपोरांसह, टॉवेल घेऊन, आमच्या भाड्याच्या खोलीवर अंघोळीला आला. त्याच्या बायकोची मान वर होत नव्हती. तो मात्र आमच्या आरशात भांग पाडत मला म्हणाला, 'भावा, किती दिवस भाड्यानं राहणार? स्वतःचं घर बघ की आता!'